डावीकडे झुकलेले टाके

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पोचलो. तुझी लेक ठणठणीत आहे. वाटेत एकदाच रडली, तेही खिडकीतून टोपी उडाली म्हणून. दहा वर्षांच्या मुलीला दोन महिने घरापासून लांब नेतेय, तेव्हा तू निघताना मला ज्या नजरेनं बघितलंस ती मी विसरलेली नाही. पण भिंगरीची काळजी करू नकोस, इथे सिनेमाचं सगळं युनिट तिच्यापुढे हात टेकून बसलंय. प्रत्येक वस्तू कशाला म्हणून विचारते. दिव्यांवाल्याला तर तिने असं भंडावलं की तो बिचारा दिवा लावायच्या आधी तिला कारण सांगून मोकळा होतो.

आप्पांना सिनेमाची गोष्ट सांग, निघायच्या गडबडीत राहून गेली. एक मुलगी असते, आपल्या गल्लीच्या बाहेर कधी न गेलेली. चुकून टपालाच्या गाडीत झोपते आणि लांब निघून जाते. नदी बघते, समुद्र बघते, गाईला वासरू होताना बघते, भाषा न येणाऱ्या माणसांच्या घरी राहते. परत येते तेव्हा गल्ली तीच असते, पण ही बदललेली. इतकीच गोष्ट आहे.

गंमत अशी की आमचं काम नेहमीच आधी कळस मग पाया. ती मुलगी परत येते तेव्हा तिचे केस लांब वाढलेले असतात. म्हणून शेवट आधी घ्यायचा, मग मधला प्रवास, मग केस कापायचे आणि सगळ्यात शेवटी सुरुवात. म्हणजे जिला अजून काही माहीत नाही ती मुलगी भिंगरीनं सगळं बघून झाल्यावर करायची. दिग्दर्शकाला हे सोपं वाटतं. मला वाटत नाही, पण मला विचारतो कोण? माझं काम रजिस्टर घेऊन बसायचं आणि डोळ्यात तेल घालून बघायचं: काल कोणतं बटण उघडं होतं, पेला कोणत्या हातात होता, घाम कुठवर आला होता. आज चूक झाली तर पडद्यावर जन्मभर दिसणार.

भिंगरी रोज माझ्याशेजारी स्टूल टाकून बसते. म्हणते, मलाही शिकव.

तुझी,
धाकटी


१० फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. आप्पांना तीनदा वाचून दाखवलं. "आधी शेवट आणि मग सुरुवात? म्हणजे आधी काज आणि मग कापड!" असं म्हणून जे हसले ते खोकल्यावरच थांबले. खोकला काही हटत नाही. डॉक्टर म्हणतात वय. वयावर औषध असतं तर मीही घेतलं असतं.

घर खायला उठतं गं. सकाळी सात वाजता आप्पा अजून कंगवा घेऊन खुर्चीत बसतात. त्या पोरीला बाप आठवतसुद्धा नाही, वेण्या घालायचं काम पहिल्यापासून आप्पांचं. थोडा वेळ बसतात आणि कंगवा परत खिशात ठेवतात.

सोबत त्यांचं भिंगरीला पत्र आहे. तुला माहीतच आहे, डोळे अधू झाल्यापासून ते सांगतात आणि मी लिहिते. पण दोन पानं झाली की टाचणी लावू देत नाहीत. "टाचणी गंजते," म्हणतात. चाचपून सुई घेतली, मी दोरा ओवून दिला आणि कोपऱ्यात तीन टाके घातले. साठ वर्षं शिंपीकाम केलेला हात, त्याला डोळे लागत नाहीत.

तिला केस कापायचं सांगून ठेवलंयस ना? आप्पांना मी अजून सांगितलेलं नाही.

ताई


१४ फेब्रुवारी

प्रिय आजोबा,

मी समुद्र बघितला! पण मी आधी ओरडले तेव्हा कॅमेरा चालू नव्हता. मग दिग्दर्शककाका म्हणाले, आता पुन्हा पहिल्यांदा बघ. मी म्हटलं, पहिल्यांदा एकदाच असतं. सगळे हसले. मग मी डोळे मिटून आपली गल्ली आठवली, पाण्याचा पाइप, समोरची भिंत, वाळत घातलेले कपडे, आणि एकदम डोळे उघडले. तेव्हा परत पहिल्यांदा झालं. काका म्हणाले, हे तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, कोणी नाही.

वासरूसुद्धा बघितलं. आधी मला घाण वाटली, मग नाही वाटली. ते पडल्यावर लगेच उभं राहायला बघत होतं आणि परत परत पडत होतं. सिनेमातली मुलगी तिथे हसते. मला रडू आलं. काकांनी रडणंच ठेवलं.

मावशी मला बघायला शिकवते. मी आता सगळं बघते. एका बाईच्या कानातलं आदल्या दिवशी निळं होतं आणि दुसऱ्या दिवशी हिरवं, ते मावशीच्या आधी मला दिसलं. मावशीचं तोंड बघायला हवं होतं! आणि आजोबा, तुमच्या पत्राचे टाके मी नीट बघितले. तिन्ही डावीकडे झुकलेत, उजव्या हातात भरलेली बादली धरलेल्या माणसासारखे. तुम्ही डावखुरे म्हणून ना? मी इतकी वर्षं तुमच्याजवळ बसते आणि हे कधी बघितलंच नव्हतं.

ती मुलगी परत येते तेव्हा तिला गल्ली लहान वाटते. मलापण वाटेल का? मला नको आहे.

वेण्या मावशी घालते. दुखतं.

तुमची,
भिंगरी


२२ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र एकटी असताना वाच.

परवा आप्पा शिलाईच्या टेबलाशी उभे राहिले आणि तसेच खाली बसले. आता पलंगावरच आहेत. डॉक्टर मला जिन्यात घेऊन गेले. जिन्यात नेऊन सांगतात ते कधी बरं नसतं, हे आपल्याला आईच्या वेळेपासून ठाऊक आहे. पंधरा दिवस म्हणाले, कदाचित कमी.

भिंगरीचं पत्र वाचून दाखवलं. टाक्यांचं ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. "बरोबर धरलं पोरीनं," म्हणाले. "तुम्हा दोघी बहिणींना चाळीस वर्षांत दिसलं नाही." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिला एकदा आणता येईल का?"

त्यांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. स्वतःसाठी पाणीसुद्धा उठून घेतात. घेत होते.

तिला दोन दिवस पाठव. मी आप्पांना सोडून येऊ शकत नाही, नाहीतर आले असते. तिला फक्त सांग, आजोबांना आठवण येते. बाकी मी बघते. तार मुद्दाम केली नाही. तुमच्या ऑफिसात तार आली की ती आधी सगळे वाचतात आणि मग जिची तिला मिळते.

कर काहीतरी.

ताई


३ मार्च

ताई,

कसं लिहू? तुझं पत्र आल्या आल्या मी दिग्दर्शकाकडे गेले. तो वाईट माणूस नाही, तसं असतं तर भांडणं सोपं होतं. त्याने माझ्यासमोर हात जोडले. नदीवरचं काम चालू आहे, पाणी रोज उतरतंय, आठवड्यात नाव चालणार नाही. चाळीस माणसं तिच्या एका चेहऱ्यासाठी थांबलेली. जायला दोन दिवस, यायला दोन. "नदी संपली की त्याच दिवशी सोडतो," म्हणाला. म्हणजे अकरा तारखेला ती घरी.

मी म्हटलं, मीच घेऊन जाते तिला, काय करायचं ते करा. तर म्हणाला, "जा. मी अडवणार नाही. पण मग हा सिनेमा इथेच संपला, हे तू तिला सांग." ताई, मी तंबूबाहेर आले तेव्हा ती नावाड्याबरोबर वल्हं मारायला शिकत होती. तो मुका आहे. दोघांची हातवाऱ्यांची एक भाषाच तयार झालीय. मला बघून ओरडली, "मावशी, मी नाव वळवली!" मला तिला काही सांगता आलं नाही.

आप्पांना म्हणावं अकरापर्यंत थांबा. असं कोणी सांगतं का? पण म्हण.

धाकटी


८ मार्च

धाकटे,

आप्पा पाच तारखेला सकाळी गेले.

तुझं पत्र काल आलं.

सगळं उरकलं. शेजारच्यांनी खूप केलं, मी नुसती उभी होते. दुपारी कोणीतरी शिलाईच्या टेबलावर चहाचे कप ठेवले, तेव्हा मी ओरडले. त्या टेबलावर आप्पांनी कधी कप ठेवू दिला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

तुझ्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण तुझ्यावर नाही. कोणावर काढू ते कळत नाही.

आता नीट ऐक. ज्यासाठी तिला धाडायचं होतं तेच राहिलं नाही. मग तिला परक्या माणसांत, परक्या जागी हे कशाला कळू द्यायचं? तिचं काम पूर्ण होऊ दे. घरी आली की मी तिला मांडीवर घेऊन सांगेन. हे मीच सांगायचं आहे, धाकटे, तू नाही. एवढं तरी मला करू दे.

सोबत आप्पांचं पत्र आहे. चार तारखेला त्यांनी तिच्यासाठी दोन ओळी सांगितल्या होत्या, मग डोळा लागला तो लागलाच. पुढचं मी लिहिलं, तेच बोलतायत असं. अक्षर माझंच असतं, तेव्हा तिला शंका यायचं कारण नाही. टाके घातले, त्यांच्याच रिळातला दोरा घेतला. तुझी नजर पारखी आहे, तूही एकदा बघून घे आणि मग तिला दे.

ताई


१५ मार्च

ताई,

कपड्यांच्या खोलीत दाराला कडी लावून बसले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. कपडेवाल्या बाईला सांगितलं, धूळ गेली.

मग पत्र दोनदा तपासलं. शब्द आप्पांचे, त्यांचं सवयीचं "बरं का" जागच्या जागी, दोरा तोच. कुठे काही राहिलेलं नाही. भिंगरीला वाचून दाखवलं. त्या ओळी तर त्यांच्याशिवाय कोणाला सुचल्या असत्या? "तुझ्या पिवळ्या फ्रॉकला मी खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवलंय. आलीस की उसवून सोड. तू वाढलेली असशील." वाचताना मध्येच थांबून मी खोकल्यासारखं केलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "बघू?" पत्र हातात घेऊन बराच वेळ कोपऱ्यावरून बोट फिरवत बसली. विचारलं, "आजोबा आता पलंगावर बसून शिवतात की खुर्चीत?" मी म्हटलं, खुर्चीत. म्हणाली, "बरं." जेवली थोडं कमी. मुलांचं असं होतंच.

काल केस कापले. मला वाटलं होतं आकांत करील. आरशात बघत बसली. कापलेली वेणी मागून घेतली आणि कागदात गुंडाळून पेटीत ठेवली.

ताई, एक पोटात ठेवलंय, ते टोचतंय. तुझं बावीस तारखेचं पत्र मला सत्तावीसला मिळालं. मी दिग्दर्शकाकडे गेले दोन तारखेला. तीन दिवस धीर झाला नाही. वाटलं, नको म्हणाला तर? वाटलं, आप्पा सावरतील. "आल्या आल्या गेले" हे मी खोटं लिहिलं. त्याच दिवशी तिला घेऊन गाडीत बसले असते, तर एक-दोन तारखेला पोचलो असतो. लोकांच्या बटणांच्या चुका लिहून ठेवणारी मी. ही चूक कुठल्या पानावर लिहू?

शेवटचं काम, म्हणजे सुरुवात, अजून राहिलीय. ज्या घराच्या खिडकीत ती बसलेली दाखवायची, ते घर रिकामं झालं नाही. दहाएक दिवस लागतील.

भिंगरीचं आप्पांना पत्र सोबत आहे. पाठवू नको असं कसं सांगणार होते?

धाकटी


२१ मार्च

धाकटे,

ते तीन दिवस मी मोजले होते गं. टपाल पाच दिवसांत पोचतं आणि तुझ्या पत्रावर तीन तारीख होती, एवढा हिशोब मला येतो. तू लिहिशील की नाही एवढंच बघत होते. लिहिलंस, बरं झालं. आता तो विषय माझ्यापुढे काढू नकोस. मी विसरेन असं म्हणत नाही, प्रयत्न करीन.

भिंगरीचं पत्र रिकाम्या खुर्चीसमोर बसून मोठ्यानं वाचलं. वेड लागल्यासारखं, पण तिनं ते त्यांना लिहिलं होतं, कोणीतरी त्यांना वाचून दाखवायला नको का? लिहिते, "आजोबा, तुम्ही आता उत्तराची घाई करू नका. आईला सारखं लिहायला बसवू नका, ती दमते. तिला सांगा, दुपारी झोपत जा. मी रोज जेवते." बघ किती समजूतदार झाली! तिला कसलाच संशय नाही. देवासारखं लेकरू आणि आपण दोघी मिळून त्याला फसवतोय.

एक खरं सांगू? तिनं उत्तर मागितलं नाही, त्यानं माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्यांदा मला जमलं नसतं.

ताई


२८ मार्च

ताई,

काल झालं. सिनेमाचा पहिला प्रसंग.

ती खिडकीत बसते. समोर भिंत, पाइप, वाळणारे कपडे. बस्स. दिग्दर्शक तिच्याजवळ गुडघ्यावर बसून म्हणाला, "या मुलीला अजून काहीच माहीत नाही. नदी नाही, समुद्र नाही. तिला वाटतं, सगळं जग आहे तसंच राहणार. तसं बघ." मला भीती होती. दोन महिन्यांत जे बघितलं ते चेहऱ्यावरून कसं पुसणार?

भिंगरीनं पुसलं. एका फटक्यात. इतकं मोकळं, कोरं तोंड की कॅमेरेवाला 'कट' झाल्यावरही तसाच वाकून राहिला. दिग्दर्शक बाहेर जाऊन उभा राहिला. मी रजिस्टरात लिहिलं: केस कापलेले, चौकडीचा फ्रॉक, डावा हात गजावर, चेहरा - काही माहीत नाही.

मला तेव्हा वाटलं ताई, की आपण केलं ते बरोबर होतं. तिला सांगितलं असतं तर हे झालं नसतं.

आवाज भरायला अजून आठ दिवस थांबावं लागेल. म्हणून तिनं तुला वेगळं पत्र लिहिलंय. पाकीट स्वतःच चिकटवलं, मला वाचू दिलं नाही. म्हणाली, "आईचं आहे." आता मोठी झाली बाई.

धाकटी


२८ मार्च

आई,

हे पत्र तुझं आहे. मावशीला दाखवू नकोस.

आजोबा नाहीत ना?

मला त्या दिवशीच कळलं, मावशीनं पत्र वाचलं तेव्हा. तिन्ही टाके उजवीकडे झुकले होते. दोरा आजोबांचा होता पण हात तुझा होता. मी त्यांना टाक्यांचं लिहिलं होतं, तू ते वाचलंही असशील, तरी तुझ्याकडून राहिलं. तुझा हात उजवा आहे, त्याला तू तरी काय करणार? मग मी मावशीला विचारलं की ते खुर्चीत शिवतात का. ती म्हणाली खुर्चीत, आणि पायाकडे बघितलं. मावशी खोटं बोलली की पायाकडे बघते.

फ्रॉकची ओळ आजोबांचीच आहे, ते कळतं. खालच्या तुझ्या आहेत. त्यापण चांगल्या आहेत.

मी आधी ठरवलं की ओरडायचं आणि घरी जायचं. पण आजोबा तिथे नसतील, मग मी कोणाकडे जायची घाई करू? आणि तू सगळं इतकं नीट लिहिलं होतंस. मला वाटलं, मला कळलं हे तुला कळलं तर तुझं आणखी एक काम वाढेल. म्हणून मी आजोबांना पत्र लिहिलं. उत्तर पाठवू नका असं लिहिलं, म्हणजे तुला परत तसं लिहायला बसावं लागू नये.

काल काका म्हणाले, जिला काही माहीत नाही तिचं तोंड कर. ते मला आता खूप सोपं आहे. मी दोन आठवडे मावशीसमोर रोज तेच करत होते. सगळे म्हणाले, वा वा. मला काही वाटलं नाही. मला त्या सिनेमातल्या मुलीचा राग आला. ती परत येते तेव्हा सगळे असतात. एकसुद्धा माणूस कमी नसतो.

मावशीला सांगू नकोस की टाके तिला दिसले नाहीत. तिला फार लागेल, ती दुसऱ्याची बटणंसुद्धा विसरत नाही.

फ्रॉकची दुमड एकटीनं उसवू नकोस. मी आल्यावर आपण दोघी उसवू. माझे केस कापलेत, तेव्हा वेण्या घालायला लागणार नाहीत. कंगवा कोणाला देऊ नकोस.

दोन पानं झाली म्हणून कपडेवाल्या बाईकडून सुई घेतली आणि डाव्या हातानं टाके घातले. दोनदा टोचली. दोन टाके आले डावीकडे, तिसरा सरळच उभा राहिला. तो तसाच ठेवलाय.

भिंगरी